चला, गोल करूया

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांभोवती जी मंडळी वावरतात, त्यांपैकी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी यांची वर्णने बरीच झाली. परंतु वर्षातले ठरावीक दिवसच प्रकट होणाऱ्या सुलभकाकडे अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणात, म्हणजे नोकरीत असताना घ्याव्या लागणाऱ्या प्रशिक्षणात, स्वतः व्याख्यान न देता इतरांचे शिकणे सोपे करून देणारी व्यक्ती, अशी त्याची अधिकृत व्याख्या आहे. व्यवहारात मात्र, पन्नाशीला टेकलेल्या आणि गुडघ्यांना तेल लावून घरून निघालेल्या चाळीस-पन्नास जबाबदार नागरिकांना सकाळी अकराच्या सुमारास गोलात उभे करून प्राण्यांचे आवाज काढायला लावण्याची मुभा ज्याला शासकीय आदेशाने मिळालेली असते, तो सुलभक, ही व्याख्या अधिक नेमकी ठरते.

बाह्य लक्षणांवरून तो सहज ओळखता येतो. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत स्केचपेनांचा डबा, चिकटपट्टी, कात्रीने कापलेल्या चिठ्ठ्या, शिट्टी आणि लोकरीचा एक गुंडा असतो. हा गुंडा एकमेकांकडे फेकत प्रत्येकाने आपले नाव सांगायचे आणि शेवटी तयार झालेल्या जाळ्याकडे बोट दाखवून सुलभकाने ‘आपण सगळे असेच जोडलेले आहोत’ असे म्हणायचे, हा त्या गुंड्याचा विनियोग होय. त्यानंतर तो सोडवण्यात दोन शिक्षिकांचा जो वेळ जातो, त्याची वेळापत्रकात नोंद नसते. त्याच्या बोलण्यात क्रियापदे बहुधा ‘करूया’, ‘बघूया’, ‘अनुभवूया’ अशा सामूहिक रूपात येतात, आणि कोणत्याही उत्तरावर, ते चुकीचे असले तरी, तो टाळ्यांची मागणी करतो. या टाळ्यांचेही प्रकार आहेत: आधी एका बोटाने, मग दोन बोटांनी आणि अखेर पूर्ण पंजाने वाजवली जाणारी पावसाची टाळी ही त्यांतील सर्वांत प्रतिष्ठित मानली जाते.

मात्र सुलभक हा काही स्वतंत्र व्यवसाय नव्हे. तो मुळात शेजारच्याच केंद्रातील शाळेचा शिक्षक असतो आणि गेल्याच आठवड्यात तो स्वतः अशाच एका गोलात उभा होता. हे समजण्यासाठी प्रशिक्षणाची उतरंड लक्षात घ्यावी लागते. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत राज्यस्तरीय सुलभक तयार होतात. ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात. जिल्ह्याचे सुलभक जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे 1986 च्या राष्ट्रीय धोरणातून जन्मलेल्या आणि सर्वत्र ‘डायट’ या लघुनामाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, तालुक्याच्या सुलभकांना शिकवतात. आणि तालुक्याचे अखेर शिक्षकांपर्यंत पोहोचतात. शिक्षकांची संख्याच इतकी आहे की याला फारसा पर्यायही नाही. 2019 साली सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या केंद्रीय कार्यक्रमाने प्राथमिक स्तरावरील सुमारे 42 लाख शिक्षक व शाळाप्रमुख डोळ्यांसमोर ठेवले होते, आणि 2020 च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा नोंदवली आहे. या उतरंडीवरून खाली येताना प्रशिक्षणाचा आशय गवळ्यागणिक दुधाचे जे होते त्या अवस्थेला पोहोचतो, परंतु खेळ मात्र पहिल्या पायरीवर जसा होता तसाच, किंबहुना वाटेत दोन नव्या खेळांची भर पडून, तालुक्याला सुखरूप उतरतो. मूल्यमापनाची एखादी संकल्पना राज्यस्तरावर तीन तास समजावलेली असेल तर तालुक्याला तिची एक चित्रफीत उरते. ‘होडी बुडते आहे, चौघाचौघांचे गट करा’ हा खेळ मात्र चारही पायऱ्यांवर पूर्ण वेळ खेळला जातो.

या खेळांमागील गृहीतक असे की जमलेली माणसे परस्परांना अपरिचित असून त्यांच्यातील अवघडलेपणा दूर केल्याशिवाय शिकणे सुरू होणार नाही. हे गृहीतक ज्या भूमीतून आले तेथे ते खरे होते. समाजमानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या प्रेरणेने अमेरिकेत 1947 साली मेन राज्यातील बेथेल या गावी जी प्रशिक्षणशाळा भरली, तिच्या गटांत बव्हंशी एकमेकांना न ओळखणारी माणसे मुद्दाम एकत्र बसवली जात, आणि मार्गदर्शक कोणताही कार्यक्रम न देता चक्क गप्प बसून राही, जेणेकरून त्या शांततेत गट स्वतःच स्वतःला घडवील. नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांचे नाट्यखेळही शिकागोत स्थलांतरितांच्या वस्त्यांत, भाषा आणि रीतिभाती निरनिराळ्या असलेल्या मुलांसाठी आकाराला आले. तालुक्याचे प्रशिक्षण जेथे भरते त्या गटसाधन केंद्रातील परिस्थिती याच्या नेमकी उलट असते. तेथे जमलेल्या शिक्षकांनी एकमेकांबरोबर पतसंस्थेच्या निवडणुका लढवलेल्या असतात, एकमेकांच्या मुलांची स्थळे पाहिलेली असतात, आणि कोण बदल्यांच्या संवर्ग एकमध्ये, म्हणजे आजारपणादी कारणांनी प्राधान्य मिळणाऱ्या गटात, नेमक्या कोणत्या दाखल्याच्या बळावर बसला, हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. त्यांच्यात काही कमी असलेच तर ते अपरिचय होय. आणि राहिला प्रश्न गप्प बसण्याचा, तर ते सुलभकाला दोन श्वासांपलीकडे झेपत नाही.

अशा सभागृहात म्हणींचा खेळ सुरू होतो. प्रत्येकाला अर्ध्या म्हणीची चिठ्ठी द्यायची, उरलेला अर्धा भाग ज्याच्याकडे असेल तो जोडीदार शोधायचा आणि मग त्याची ओळख सर्वांना करून द्यायची, असे त्याचे नियम आहेत. खेळ वरकरणी निरुपद्रवी असला तरी चिठ्ठ्या उचलणाऱ्याचे पद पाहत नाहीत. ‘उथळ पाण्याला’ ही चिठ्ठी पाहणीसाठी आलेल्या केंद्रप्रमुखांच्या हाती लागते, आणि ‘खळखळाट फार’ ज्याच्याकडे आहे तो शिक्षक क्षणार्धात परिस्थिती ओळखून चिठ्ठी खिशात घालतो आणि चहाची व्यवस्था पाहण्याच्या निमित्ताने दाराबाहेर पडतो. निवृत्तीला सहा महिने उरलेले गुरुजी ‘नाचता येईना’ वाचून हे मुद्दाम कोणी केले याची चौकशी करतात. ‘अंगण वाकडे’ मिळालेल्या बाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहतात, तेव्हा त्या त्यांच्याच शाळेतील सहशिक्षिका निघतात. अकरा वर्षे एकाच व्हरांड्यात डबा खाल्लेल्या या दोघांनी आता परस्परांना छंद विचारायचा असतो. गुरुजी ‘वाचन’ असे सांगतात, बाई ते गंभीरपणे लिहून घेतात, आणि गुरुजींचा खरा व्यासंग शेअर बाजार हा आहे, हे ज्यांना ठाऊक आहे असे सर्व सभागृह पावसाची टाळी वाजवते.

येथे एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे ठरेल. हाच सुलभक आपल्या स्वतःच्या वर्गात, तिसरीच्या मुलांसमोर, या खेळांत विलक्षण तरबेज असतो. ‘शिवाजी म्हणतो’ खेळता खेळता तो आज्ञार्थ शिकवतो, सातच्या पाढ्यात आलेल्या संख्येवर टाळी वाजवायला लावून पाढा पक्का करून घेतो, आणि शाळेत कधी तोंड न उघडलेले मूल त्याच्या ‘मामाचं पत्र हरवलं’मध्ये धावताना ओरडते. तेथे खेळाच्या पोटात पाठ असतो. प्रशिक्षणात तोच खेळ पाठापुढे उभा राहतो, आणि त्याचे कारण शिक्षकांत नसून सुलभकात शोधावे लागते.

संकोच मुळात त्याचाच असतो. ज्यांच्याबरोबर काल त्याने वेतनश्रेणीच्या थकबाकीवर चर्चा केली, ज्यांतील काही सेवाज्येष्ठतेने त्याच्या वर आहेत आणि एक-दोघांनी तर त्याला लहानपणी शिकवलेही आहे, त्यांना आज आपण काय नवे सांगणार, हा विचार त्याला सकाळच्या दीपप्रज्वलनापासून छळत असतो. घटकसंचातले, म्हणजे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतले, प्रकरण त्याने रात्री दोनदा वाचलेले असते, पण तिसऱ्या रांगेतून कोणी उठून ‘दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळेत हे कसे बसवायचे?’ असे विचारले, तर उत्तर त्या प्रकरणात नसते, जिल्हास्तरावरही नव्हते. हा प्रश्न येतोच. सुलभक तो आदराने ऐकतो, ‘अतिशय महत्त्वाचा मुद्दा’ असे म्हणतो, भिंतीवर लावलेल्या ‘आपले प्रश्न’ या कागदावर लिहून घेतो आणि लगेच घड्याळाकडे पाहून सर्वांना मरगळ आल्याचे जाहीर करतो. मरगळ घालवण्यासाठी मध्येच घेतल्या जाणाऱ्या खेळाला प्रशिक्षणाच्या परिभाषेत ‘एनर्जायझर’ म्हणतात. तो बहुधा जेवणानंतर, किंवा प्रश्नानंतर, येतो.

सहभागी शिक्षकांनाही हे सर्व कळत असते, आणि एरवी अधिकाऱ्यांना सळो की पळो करून सोडणारी ही जमात सुलभकाला मात्र फारसे अडवत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहण्याची पाळी आपल्यावर येऊ शकते, याची प्रत्येकाला जाणीव असते. म्हणून ते गोल करतात, होडीत बसतात, बुडतात, आणि छायाचित्र समूहावर पाठवायचे असल्याने हसतातही. शिक्षिकांचा एक गट तर खरोखरच रमतो. रोजच्या माहिती भरण्यातून आणि पोषण आहाराच्या हिशेबातून सुटून एक दिवस कोणीतरी आपल्याला खेळायला सांगते, याचे अप्रूप त्यांना वाटते, आणि ते खोटे नसते.

शेवटच्या दिवशी अभिप्राय पत्रक भरायचे असते. त्यात ‘सर्वांत उपयुक्त वाटलेले सत्र’ या रकान्यापुढे, परतीची बस गाठण्याच्या घाईत, बहुसंख्य शिक्षक ‘खेळ’ असे लिहितात, काही त्यापुढे ‘वेळ कमी पडला’ अशी भर घालतात, आणि भिंतीवरच्या कागदाचे छायाचित्र काढायचे राहून जाते. पत्रके तालुक्याकडून जिल्ह्याला आणि जिल्ह्याकडून राज्याला जातात. तेथे त्यांचे संकलन होऊन पुढील वर्षीच्या घटकसंचात, सहभागींच्या मागणीवरून, पहिल्या दिवशी आणखी एक तास राखून ठेवण्यात येतो.