भेग दिसते का?

असोद्याहून जळगाव पाच-सहा किलोमीटर. रिक्षा मिळते. काचेच्या दुकानात माप सांगितलं की तिथला पोरगा आपल्यादेखत काचेवर रेघ ओढतो, टक् करून तुकडा मोडतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून हातात देतो. दिवस मावळायच्या आत खिडकीत नवी काच बसलेली असते. हा इतका सरळ मार्ग नानांना उभ्या जन्मात पटलेला नाही.

कुणाच्या घरात चेंडू शिरला, वळवाच्या वाऱ्याने कुठे खिडकी आपटली, की अर्ध्या तासात नाना पत्र्याची पेटी घेऊन दारात हजर. त्यांना बोलवावं लागत नाही. पोरांचा क्रिकेटचा कालवा एकदम बंद पडला की ते चपला शोधू लागतात, असं काकू सांगतात.

आडनाव विचारू नका. बहिणाबाईंचं माहेर म्हणून असोद्याला ओळखतात, भरिताच्या वांग्यांसाठी ओळखतात. नानांसाठी कुणी ओळखत नाही, कारण असे नाना गावोगाव आहेत. नोकरी भुसावळला रेल्वेत झाली, पेन्शन वेळेवर येते, कपाशी आणि केळी मुलगा बघतो आणि हात अजून धडधाकट. माणसाचं हे सगळ्यात धोक्याचं वय. पेटीत हॅक्सॉचं तुटकं पातं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, अर्धी वाळलेली एमसीलची कांडी, बारीक चुका, लांबी भरायची पत्ती आणि एक भिंग. भिंग डोळ्याला लावून ते भेग तपासतात. काय दिसतं ते सांगत नाहीत, पण "हं" म्हणतात.

वळण वडलांचं. त्यांच्या काळी गावात धाब्याची घरं. खिडकी म्हणजे लाकडी गज आणि फळ्या, काचेचा संबंध फार तर कंदिलापुरता. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच तडकली की वडील भेगेवर खळीने कागदाची पट्टी चिकटवत. पट्टी करपे, उजेड निम्मा होई, काच मात्र तग धरी. त्यावर पुढे १९७१ च्या युद्धाचा संस्कार झाला. नाना तेव्हा मुंबईला मामाकडे होते. ब्लॅकआउटच्या दिवसांत खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवत. हादऱ्याने काच फुटलीच तर तुकडे अंगावर उडू नयेत, एवढाच त्यांचा हेतू. नानांनी त्यातून धडा घेतला तो असा की पट्टी लावलेली काच बॉम्बलाही दाद देत नाही. मग टेनिस बॉलची काय कथा! त्यांच्या घराच्या दर्शनी खिडक्या पाहून सिमला करार झाल्याची बातमी असोद्यात पोचली नसावी अशी शंका येते.

त्यांच्या घरातली पहिली मोठी भेग त्यांनी स्वतः पाडली. हे ते सांगत नाहीत, काकू सांगतात. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. पश्चिमेच्या खिडकीवर वाळ्याचा पडदा आणि त्यावर तासातासाला पाणी मारणं हे नानांचं खातं. एका दुपारी पडदा धुवायला काढलेला होता. नानांनी सवयीने माठातल्या पाण्याचा तांब्या उघड्या, तापलेल्या काचेवर रिकामा केला. काचेचा वरचा थर एकदम गार होऊन आकसू पाहतो, आतला गरम थर त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत काच जाते. खरं तर तांब्याचीही गरज नसते. चौकटीत दडलेली गार कड आणि उन्हात तापलेला मधला भाग यांच्यात चाळीसेक अंशांचा फरक पडला तरी साधी काच आपसूक तडकू शकते. काकूंची उपपत्ती याहून आटोपशीर आहे: "ह्याहीचे हात कधी सुस्त बसत नही."

या भेगेवर नानांनी केलेला पहिला उपाय मात्र खरोखर पाहण्यासारखा होता. त्यांनी शेंगदाण्याच्या तेलात बोट बुडवलं, भेगेवरून फिरवलं, आणि भेग गेली. अगदी नाहीशी झाली. नानांनी आळी गोळा केली. "पाह्य भो, दिसते का भेग? दाखव मले!" आम्ही डोळे ताणले, मान वाकडी केली, नव्हतीच. भेग दिसते ती तिच्यात हवा असते म्हणून. काचेचा वक्रीभवनांक साधारण १.५२, शेंगदाणा तेलाचा १.४७. तेल आत शिरलं की प्रकाशाला ती जागाही जवळपास काचच वाटते आणि तो न अडखळता पार होतो. मोटारीच्या पुढच्या काचेत राळ भरून भेग दिसेनाशी करतात, त्यातही हीच गंमत आहे. फरक इतकाच की राळ आत जाऊन घट्ट होते आणि शेंगदाण्याचं तेल फोडणीची वाट बघत बसतं. थोड्याच दिवसांत तेलावर धूळ बसली, भेग काळीकुळकुळीत झाली, पाठोपाठ मुंग्या आल्या. आधी ती जवळ गेल्यावर दिसायची, आता रस्त्यावरून दिसू लागली. नाना खचले नाहीत. "आता कुठी हाये ते तं समजते!"

मग चिकटवण्याचं पर्व सुरू झालं. अंड्याचा पांढरा बलक आणि चुना एकत्र घोटून फुटकी चिनी मातीची भांडी आणि काच जोडायची, हा नुस्खा जुना आहे आणि खोटा नाही. पंचाईत एवढीच की घर माळकरी. नानांनी अंडं सदऱ्याच्या खिशातून आणलं. वाटेत दोघातिघांनी थांबवून वांग्यांच्या भावाची चौकशी केली, तेव्हा ते अंग चोरून उभे राहिले होते म्हणतात. घरी पोचल्यावर नातवाने मिठी मारली आणि प्रयोग खिशातच फुटला. नंतर घरात जे बोललं गेलं ते इथे छापता येणार नाही. गोमूत्र शिंपडलं गेलं, सदरा वाड्याबाहेर गेला.

नाना मग शाकाहारी मार्गाला लागले. नासलेल्या दुधाचा चोथा पिळून त्यात पानाचा चुना कालवला. हेही शास्त्राला धरूनच. दुधातलं केसिन आणि चुना यांचा डिंक सुतारकामात फार जुन्या काळापासून चालत आला आहे. पण लाकडावर तो दिसत नाही आणि काचेवर सगळं दिसतं. भेगेच्या जागी बोटभर रुंद पांढरा ओघळ तयार झाला आणि खोलीला वास लागला. त्यानंतर फेव्हिक्विक. या जातीचा गोंद १९४२ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हाती लागला. हात लावाल तिथे चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला ठेवला होता. चिकटण्यासाठी त्याला हवेतला आणि कातडीवरचा ओलावा पुरतो. नानांचं उजव्या हाताचं बोट काचेला लागलं आणि तिथेच राहिलं. दारावर पोस्टमन आला, त्याच्याशी ते खिडकीतूनच बोलले, आणि बोट वर धरलेलं असल्यामुळे काहीतरी महत्त्वाचं सांगताहेत असं त्याला वाटत राहिलं. काकूंनी साबणाच्या कोमट पाण्याने ते हळूहळू सोडवलं.

इथवर निरुपद्रवी होतं. पण मध्येच नानांना एक गोष्ट खरी सापडली, आणि माणसाला खरी गोष्ट सापडली की शेजाऱ्यांनी सावध व्हावं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पत्रा चिरला की वेल्डर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतो, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. हे नानांनी पाहिलं होतं. काचेतल्या भेगेचं टोक अतिशय अणकुचीदार असतं, सगळा ताण तिथे एकवटतो, म्हणून ती सरकत जाते; टोक गोल केलं की ताण पांगतो. भेगा अशा का वाढतात याचं गणित ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेवरच प्रयोग करून मांडलं, शंभर वर्षांपूर्वी. नानांनी ग्रिफिथ वाचलेला नाही, पण हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल आणलं, भेगेच्या टोकाभोवती काकूंच्या परातीतल्या कणकेचं आळं केलं, आळ्यात गार पाणी ओतलं आणि श्वास रोखून, अजिबात जोर न देता भोक पाडलं. भेग थांबली. आजही ती तिथेच आहे. हा विजय निर्विवाद आहे आणि त्यानेच घात केला.

पुतण्याचं जळगावला मोबाइलचं दुकान. त्याच्या काचेच्या दाराला एक जादा कडी हवी होती. नाना म्हणाले, भेग असलेल्या काचेले भोक पाडलं मी, ही तं साबूत हाये! दार टफन्ड काचेचं होतं. ही काच भट्टीत तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन गार करतात. तिचा बाहेरचा थर दाबाखाली राहतो, गाभा ताणाखाली, आणि दोघांच्या या समतोलावर तिची ताकद. भोकं पाडायची ती भट्टीत जायच्या आधी. नानांचं ड्रिल वरच्या थरातून गाभ्यापर्यंत पोचलं मात्र, आणि सबंध दार एका आवाजात खडीसाखरेसारखं खाली ओतलं गेलं. नानांच्या हातात ड्रिल, समोर चौकट, आणि चौकटीपलीकडून पुतण्या बघतोय. कुणाला खरचटलंही नाही. ही काच अशीच बोथट तुकड्यांत फुटावी म्हणून तर बनवतात. नानांनी तुकडे पोत्यात भरून असोद्याला आणले. कंपाउंडच्या भिंतीवर सिमेंटात रोवू, चोर यायचा नाही. पण बोथट तुकडे चोराला काय टोचणार! पोतं अजून पडवीत आहे. पुतण्या दिवाळीला येतो, बसतो, पोत्याकडे बघत नाही.

आता आमच्या तक्रारीचा मुद्दा. नानांना काच बसवता येत नाही असं मुळीच नाही. गावातला सुतारही मान्य करतो की लांबी मळावी ती नानांनी. खडूची बारीक पूड आणि जवसाचं तेल, बोटांना चिकटणार नाही आणि कोरडीही पडणार नाही इतकं मळलेलं. जुनी लांबी खरवडून खाच साफ करणं, काच खाचेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी मापाने कापून आणणं म्हणजे उन्हाळ्यात फुगायला जागा राहते, खाचेत आधी लांबीची पातळ गादी, मग काच, मग चुका, आणि वरून पत्तीच्या एका ओढीत तिरकी धार, पावसाचं पाणी बाहेर पडेल अशी. रंग आठवडाभराने. हे सगळं ते असं करतात की बघत राहावं. पण त्याची त्यांना किंमत नाही. नवी काच काय, कोन्हीबी बसवते! तडकलेली काच फोडू द्यायची नाही, यातच त्यांचा पुरुषार्थ. मग घरमालक भेगेकडे बघत दिवस काढतो, काच एके दिवशी वाऱ्याने आपसूक खाली येते, आणि त्यानंतरच नाना तोंड पाडून, पण अप्रतिम हाताने, नवी बसवून देतात. फुटलेल्या काचेवर त्यांचा हक्क संपतो, असा त्यांचाच नियम आहे.

म्हणून असोद्याच्या बाजूला कुणाची काच तडकली तर एवढं करा. माप घेऊन नवी काच गुपचूप आणून माळ्यावर ठेवा. जुनीवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, हातमोजे घाला, गोणपाट धरा आणि ती स्वतःच्या हाताने पुरती फोडून काढा. मगच नानांना हाक मारा.