निळ्या काचेमागचे भाऊ

सिहोऱ्यालाही अखेर काचेची इमारत मिळाली. कोणाची, ते विचारू नका. हल्ली सगळ्यांच्या तशाच असतात. खालून वरपर्यंत निळी काच, तोंड थेट पश्चिमेला. तुमसरहून येणाऱ्याला क्षणभर वाटावं, आपण हिंजवडीला उतरलो. नवतपा लागायच्या आत त्या काचेला आतून फ्लेक्स लागला.

फ्लेक्स वाढदिवसाचा. बाहेरून ‘लूक’ बिघडू नये म्हणून पांढरी बाजू रस्त्याकडे, म्हणजे भाऊ आत. दहा फुटी भाऊ, हात जोडलेले, डोळ्यांवर गॉगल. अख्ख्या इमारतीत उन्हाची तयारी करून आलेले तेवढेच! तीन वाजता मागून ऊन आलं की भाऊंचा चेहरा पेटतो. खालच्या ओळीतले शुभेच्छुक टेबलांच्या पायांशी. त्यातल्या एकाच्या मिशीला भोक पाडून कुलरची वायर काढलीय. एका फ्लेक्सने भागेना, तेव्हा शेजारी विरोधी गटाचे भाऊ चिकटवले. आयुष्यात एका मंचावर न बसलेले दोघं आता पॅकिंग टेपने खांद्याला खांदा लावून उभे आहेत. जे पक्षश्रेष्ठींना जमलं नाही, ते पश्चिमेच्या उन्हाने करून दाखवलं.

यात नवल नाही म्हणा. लंडनला 1851 साली क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, जवळपास तीन लाख काचांचा, रचना झाडांच्या काचघरांवरून उचललेली. त्याच्याही छतावर उन्हासाठी कापड ताणावं लागलं होतं. लंडनच्या उन्हासाठी! आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. काचेतून ऊन बिनदिक्कत आत येतं. त्याने तापलेल्या टेबल-खुर्च्यांची धग मात्र काच बाहेर सोडत नाही. झाडांना ते मानवतं. पेन्शनच्या कागदावर सही करायला आलेल्या आजीबाईंना नाही.

आणि ही काच उघडत नाही हो! फिक्स आहे. एवढ्या भिंतीत हवेला एक फट नाही. ज्याने हे चित्र काढलं तो एसीत बसला होता, त्याच्या कम्प्युटरात सिहोऱ्याचं ऊन नव्हतं आणि लाइन तर कधी जातच नव्हती. याच गावात मातीच्या हातभर जाड भिंती होत्या, वर कवेलू, पुढे छपरी, उंचावर झरोका. ते बांधणाऱ्याला कोणी डिग्री विचारली नाही; पण पश्चिमेला तोंड करून काच लावायची दुर्बुद्धी त्याला कधी झाली नसती. त्याचं घर ‘मागास’ म्हणून पाडलं आणि ही भट्टी ‘विकास’ म्हणून बांधली. वर एसीचं बिल भरायचं आपणच.

लाइन गेली की सगळं कार्यालय खुर्च्या उचलून बाहेर येतं. तेव्हा काम असेल तर दुपारी आत जाऊ नका. काउंटर नंबर तीन कडुलिंबाच्या डाव्या बाजूला आहे. शिक्के पानठेल्यावर ठेवलेत.