सह्याद्रीचे जावई

हा इसम साधारण तिशीचा असतो. नोकरी पुण्यात किंवा ठाण्यात, पगार बरा, दाढी राखलेली. शनिवार-रविवार कुठल्या तरी डोंगरावर काढतो आणि सोमवारी ऑफिसात फक्त शरीराने हजर असतो. ओळख होऊन चहा येईपर्यंत तो सांगून टाकतो, "आमचं लग्न एकदम साधं. डोंगरात. आम्ही दोघं आणि निसर्ग, बस्स!" शेजारी उभी असलेली वाग्दत्त वधू मान डोलावते. मूळ कल्पना तिचीच असते. दोघांची ओळखच नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना झालेली.

एके काळी पळून जाणाऱ्यांना आळंदी पुरायची. मित्राची मोटारसायकल, दोन हार, खिशात मंगळसूत्र, आणि मुलीचा मामा मागून येतोय का ही धाकधूक. आमच्या जोडप्याच्या मागे कोणीच लागत नाही, हीच त्यांची खरी अडचण. दोन्ही घरांची संमती असते. आई तर प्रवासासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या करून द्यायला तयार असते. एवढ्या पाठिंब्यात पळून जाणं फार कष्टाचं. बिचारे पळतात ते मंगल कार्यालयापासून, सातशे पानांपासून, मानपानापासून आणि स्टेजवर तीन तास हसत उभं राहण्यापासून.

पहिली ठेच पंचांगाला लागते. सह्याद्री हिरवागार असतो तेव्हाच नेमका चातुर्मास. तुळशीचं लग्न लागून मुहूर्त सुरू होईतो डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागतं. नवरदेव मुहूर्त मानत नाही, पण आजीला मानतो. तो सुचवतो, "सप्टेंबरात कासच्या पठारावर करू. फुलं असतात." आजी पंचांग उघडते. पितृपक्ष! "अरे, मग गुरुजी तरी कशाला? कावळ्यालाच बोलाव." शिवाय कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत, फुलांच्या हंगामात तिथे रोज किती माणसं सोडायची याचाही हिशेब असतो. अंतरपाट धरायला जागा मिळणं कठीण. शेवटी तारीख तुळशीच्या लग्नानंतरचीच ठरते. पिवळ्या गवताला नवरदेव त्या दिवसापासून सोनेरी म्हणू लागतो.

गडावर मात्र लग्न करायचं नाही, हे त्याचं तत्त्व. गड महाराजांचा; तिथे मांडव घालणाऱ्यांवर त्याने स्वतः तक्रारी केलेल्या असतात. म्हणून पायथ्याच्या वरची, कड्याखालची एक मोकळी जागा निघते. भटजीही नकोच, असं तो एकदा म्हणून पाहतो आणि पुरावा म्हणून जोतीराव फुल्यांचा दाखला देतो: 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. सासरे शांतपणे ऐकून घेतात. "खरं आहे. पण त्यांनी ड्रोन लावला नव्हता."

मग कायदा येतो. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यायची. ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि कोणाची हरकत असेल तर यावी म्हणून तीस दिवस थांबतात. म्हणजे गुपचूप लग्नाची बातमी महिनाभर सरकारी भिंतीवर! जादा फी भरली तर कचेरीबाहेर वाजवी अंतरावरच्या जागीही लग्न लावता येतं, हे नवरदेवाने शोधून काढलेलं असतं. तो उत्साहाने विवाह अधिकाऱ्यांना सांगतो, "साहेब, फक्त दोन तासांची चढण आहे." साहेब चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात. "गाडी वरपर्यंत जाते?" जात नाही. सह्या कचेरीतच होतात.

त्यासाठी तीन साक्षीदार लागतात, आणि 'आम्ही दोघं' तिथेच पाच होतात. मग फोटोवाला, त्याचा मदतनीस, ड्रोनवाला. आजीच्या समाधानासाठी सप्तपदी, म्हणून गुरुजी. आजीला वर न्यायला डोली, म्हणून गावातली चार माणसं. पायथ्याच्या घरी पिठलं-भाकरी सांगितलेली. ती करणाऱ्या मावशी वऱ्हाड मोजतात आणि हळूच विचारतात, "एवढीच माणसं? घरात भांडण झालंय व्हय?"

निसर्गालाही आमंत्रण होतंच. तो येतो तो आग्या मोहोळाच्या रूपाने. कड्याला पोळी लटकलेली, खाली होमाचा धूर आणि त्यात तिसऱ्या साक्षीदाराने चोपडलेलं अत्तर. माश्यांना चवताळायला याहून जास्त काही लागत नाही. चौथं पाऊल पडतं न पडतं तोच गुरुजी उपरणं डोक्यावर घेऊन सर्वांच्या पुढे उताराला लागलेले असतात. डोलीवाले आजीला अशा वेगाने उतरवतात की ती वरातीचा आनंद घेते. सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं, असं 1955 चा हिंदू विवाह कायदा सांगतो. नवरा-बायको हातात हात धरून पायथ्यापर्यंत धावतात, तेव्हा पावलं सातच्या कितीतरी पुढे गेलेली असतात. पळून जाऊन लग्न करायची हौस अशी पुरेपूर फिटते.

या जोडप्यांना हसावं, पण त्यांचं चुकतं असं म्हणू नये. कर्ज काढून सातशे जणांना जेवू घालण्यापेक्षा हे कधीही बरं. चूक एवढीच, की लग्न दोघांत भागतं असं त्यांना वाटतं. दुष्यंत-शकुंतलेलाही तसंच वाटलं होतं. रानात, वडीलधाऱ्यांना न सांगता, निसर्गाच्या साक्षीने गांधर्व विवाह झाला. पुढे अंगठी माशाने गिळली आणि राजाला काही आठवेना. कण्वाच्या आश्रमात त्या दिवशी तीन माणसांनी सह्या केल्या असत्या, तर कालिदासाला नाटक लिहायला काही उरलं नसतं.

तेव्हा अशा लग्नात तिसरा साक्षीदार व्हायचं बोलावणं तुम्हाला आलं, तर आढेवेढे घेऊ नका. ओळखपत्र घ्या, पकड असलेले बूट घाला आणि अत्तर घरीच ठेवा.