भुणभुणीला खुलं पत्र

भुणभुणे,

मायना लिहिलेला नाही. तो लिहावा असं तुझ्याकडे काही नाही. वाद्यवाले तुला 'हमिंग' म्हणतात. ते नाव फार सौम्य आहे, म्हणून मी तुला भुणभुणच म्हणणार. चार महिने माझ्या खोलीत फुकट राहिलीस. तुझा हिशेब आता चारचौघांत मांडते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारं फझ पेडल बांधलं. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने 'फझ फेस' बाजारात आणलं, त्याचंच हे सर्किट. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (फिरवायच्या खुंट्या), एवढ्या अकरा वस्तूंत ते उभं राहतं. मूळचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर चाळून, मोजून घ्यावे लागतात, म्हणून मी नंतरच्या मॉडेलातले सिलिकॉनचे बीसी १०८ घेतले. पुण्यात तपकीर गल्लीत दोन चकरा मारून सामान जमवलं, ॲल्युमिनियमच्या डबीला भोकं पाडली, तिला निळा रंग दिला. मग पायाने खटका दाबला आणि गिटारच्या आधी तू बोललीस.

'फझ म्हणजे मुळातच गोंगाट, त्यात थोडी भुणभुण मिसळली तर काय बिघडलं?' हे मी अनेकांकडून ऐकलं. तुझी वकिली करणाऱ्या या सगळ्यांना एकदाच उत्तर देते. फझचा जन्म बिघाडातून झाला हे खरं आहे. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन यांच्या बेसचा आवाज मिक्सरमधल्या एका बिघडलेल्या भागातून गेला आणि फाटला. गाणं १९६१ साली आलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या फाटण्यावरून एक यंत्र तयार केलं आणि १९६२ साली ते 'मेस्ट्रो फझ टोन' म्हणून विकायला आलं. पण तो फाटका आवाज बोट ठेवलं की येई आणि बोट उचललं की जाई. वाजवणाऱ्याचा हुकूम मानणारा गोंगाट होता तो. तू कुणाचं ऐकतेस?

तुझा सूरही धड नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अडॅप्टरमध्ये तिची डीसी करताना लाटेचा खालचा अर्धा भाग वर उलटतो आणि १०० हर्ट्झची लहर उरते. पांढरी पाच ९८ हर्ट्झला आहे, काळी चार साधारण १०४ ला. तू त्या दोघींच्या मधल्या फटीत बसतेस. गिटार कुठल्याही पट्टीत लावली तरी तुझ्याशी जुळत नाही. तंबोऱ्यासारखी मागे घुमत राहिली असतीस तरी मी तुला सहन केलं असतं.

तुझी खरी लबाडी मला उशिरा कळली. फझ गिटारच्या लाटेला प्रचंड वाढवतो आणि तिचे शेंडे छाटतो. तार कितीही जोरात छेडली तरी आवाज एका उंचीपलीकडे जात नाही. तू मात्र इतकी बारीक असतेस की छाटणीच्या कात्रीपर्यंत तुझं डोकं पोचतच नाही, म्हणून सगळी वाढ तुला पुरेपूर मिळते. सुराला लगाम आणि तुला मोकळं रान! साध्या ॲम्प्लिफायरवर जी ऐकूही येत नव्हती, ती फझमधून गिटारच्या बरोबरीने गुरगुरायला लागली ती यामुळे.

तुझ्यापायी मी निरपराधांना शिक्षा केली. दोन्ही ट्रान्झिस्टर उपटून नवे लावले. प्रत्येक डागाला पुन्हा डाख दिला. कपॅसिटरच्या उलटसुलट बाजू तीनदा तपासल्या. सगळे सज्जन निघाले. मग शहाणपण आलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. गिटारचा आवाज शून्यावर आणला, तरी तू होतीस, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या पिकअपमधून येत नव्हतीस. अडॅप्टर काढून नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि तू जवळजवळ गप्प झालीस.

तेव्हा मीटर लावला. 'नऊ व्होल्ट' असं छापलेला तो अडॅप्टर १३.४ व्होल्ट देत होता. आत लहानसा ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर, व्होल्टेज बांधून ठेवणारं काहीच नाही. माझं पेडल एक मिलिअँपिअरसुद्धा ओढत नाही, त्यामुळे व्होल्टेज असं वर चढतं. ते एक वेळ चाललं असतं, पण त्या डीसीवर तू स्वार होऊन येत होतीस आणि या सर्किटमध्ये तुला अडवायला दारावर कुणीच नव्हतं. ते बॅटरीसाठी रचलेलं आहे, त्याचा काय दोष? मी दारावर दोन राखणदार बसवले. आधी ७८०९ रेग्युलेटर, त्यामागे वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर. ही मागची जोडी एकटीच १०० हर्ट्झच्या लहरीला सहापट खाली ओढते आणि तिच्यापायी जेमतेम एक दशांश व्होल्ट खर्च होतो. इतक्या किरकोळ सामानाने जाणारी होतीस तू, आणि चार महिने मालकीण असल्यासारखी राहिलीस!

तरी एक किरकिर उरलीच होती. डबीजवळ हात नेला की ती बदलायची. त्या निळ्या रंगाखाली लपली होतीस. रंग वीज वाहू देत नाही. जॅकची चकती रंगावर बसली होती, त्यामुळे डबी ग्राउंडला जोडलेलीच नव्हती आणि जे कवच व्हायचं तेच अँटेना होऊन बसलं होतं. पॉलिश पेपरने भोकाभोवतीचा रंग खरवडला, मीटरने बीप दिला आणि तिथून तुझं बिऱ्हाड उठलं. दोन्ही पॉट पूर्ण फिरवले की एक शिट्टीही यायची, ती इनपुट आणि आउटपुटच्या तारा एकमेकींना चिकटून गेल्यामुळे येत होती. इनपुटला शील्ड असलेली वायर घातली आणि तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड केली. रात्री अधूनमधून आकाशवाणीवरच्या बातम्या ऐकू यायच्या, त्या पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये १०० पिकोफॅराड लावल्यावर थांबल्या.

आता तुझा सर्वांत मोठा गुन्हा. तुझ्या त्रासाला कंटाळलेल्या माणसाला तू एक जीवघेणा उपाय सुचवतेस, आणि तो मला एका दुकानात अगदी सहज सांगितला गेला: 'ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, हमिंग जाईल.' काही वेळा जातं, हे खरं आहे. दोन उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेली की त्या फेऱ्यातून प्रवाह खेळतो. पिन काढली की फेरा तुटतो. पण ती लांब, जाड पिन कारणाशिवाय दिलेली नाही. ॲम्प्लिफायरच्या आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर ती वीज अर्थमधून निघून जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर तीच वीज केबलमधून गिटारच्या तारांवर येऊन उभी राहते, आणि तारांवर माणसाची बोटं असतात. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत लेस हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच रंगमंचावरच गेला. अवघा सत्तावीस वर्षांचा होता. भुणभुणे, तुझ्यापायी कुणी पिन कापणार असेल तर त्याने तुला आयुष्यभर ऐकावं, पण ती पिन जागच्या जागी ठेवावी. मी माझ्या खोलीतलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं आणि पेडल आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेतले. फेरा तसाही सुटला.

तुझा एक अंश अजून आहे. माझ्या गिटारचे पिकअप एकेरी कॉइलचे आहेत आणि ते तुला हवेतूनच पकडतात. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट कॉइल जोडून तुझा काटा काढला होता, पण मला एकेरी कॉइलचा तो टोकदार आवाज हवा आहे, त्यामुळे तेवढी तुला सोसते. ॲम्प्लिफायरकडे तोंड करून बसले की ऐकू येतेस, काटकोनात वळले की विरतेस. तुझी दिशा मला आता पाठ आहे.

काल रात्री खालची तार छेडून सोडून दिली. सूर लांबत गेला, मग तुटक झाला, शेवटी काटेरी होऊन विझला. त्यानंतर खालच्या रस्त्यावरची एक रिक्षा ऐकू आली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

तुझी आता कुणीही नसलेली,
एक पेडलवाली

ता. क. पंख्याच्या रेग्युलेटरमधून येतेस तेही कळलं आहे. तो विजेची लाट मधूनच कापतो आणि त्या कापण्याची तीक्ष्ण किरकिर वायरिंगभर पसरते. वाजवायला बसले की पंखा बंद करते, वैशाखातसुद्धा करीन.