ड्यूटीवरची नदी

कोलाडहून कुंडलिकेच्या काठाकाठाने जाणारी पायवाट डिसेंबरात चालावी. ऐन-किंजळाची सावली, पाण्यावर वाकलेले करंज आणि मधेच वाट अडवून बसलेली उंबराची मुळं. मी पायी होतो. पुतण्या दादरहून आणलेल्या एकवीस गिअरच्या सायकलवर. पायी चालणाऱ्याने सायकलवाल्याबरोबर सहलीला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. उतारावर तो दिसेनासा होतो, चढावर आपल्याला त्याच्यासाठी थांबावं लागतं. गप्पा मारायच्या तर सपाटी हवी, आणि रायगड जिल्ह्यात सपाटी भातखाचरांसाठी राखून ठेवलेली असते.

"काका, इथे घड्याळ नाही म्हणून बरं वाटतं," मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके बघत तो म्हणाला.

कुंडलिकेच्या काठावर हे बोलायचं म्हणजे कमालच! पाऊस सरला की हिच्यात वाहतं ते मुख्यतः मुळशी धरणाचं पाणी. एरवी ते मुळा नदीतून पुण्याला आणि पुढे भीमा-कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला गेलं असतं. जमिनी बुडणार म्हणून सेनापती बापटांबरोबर मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला, तुरुंग भोगले, धरण झालंच. १९२७ पासून ते पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, मुंबईसाठी वीज करतं आणि बदली झालेल्या कारकुनासारखं निमूट पश्चिमेला, रेवदंड्याच्या खाडीकडे चालू लागतं. राफ्टिंगवाले सकाळी होड्या सोडतात तेही भिऱ्याहून पाणी सुटतं त्या हिशोबाने. थरार वगैरे ठीक, पण त्यामागे कुठल्या तरी कचेरीतलं वेळापत्रक असतं.

पुतण्याला पलीकडच्या रानात सायकल घालायची होती. दगडांवरून पार व्हायची जागा गाठली, तर दगड पाण्याखाली. एक आजी धुणं आटोपून बादली उचलून निघाल्याच होत्या. तिथल्या बायकांना वीजकंपनीच्या अधिकाऱ्यांइतकंच या नदीचं तंत्र कळतं, कदाचित जास्तच.

"आजी, पाणी कधी उतरेल हो?"

आजींनी त्याच्या हेल्मेटकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं.

"कुठले तुम्ही? मुंबईचे? मग तुमच्या लोकांच्या आंघोळी उरकल्या की उतरंल."

त्याने खरोखरच फोन काढून दादरला गिझर बंद करायला सांगायचं ठरवलं. रेंज नव्हती.