आभाळाचा जागल्या

अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात गोदाकाठच्या कुठल्याही गावी जा, पारावर एकजण असा सापडतोच, ज्याचं जमिनीवर फारसं काही चालत नाही, पण आभाळाची सगळी जबाबदारी त्याच्याकडे असते. आमच्याकडे त्याला कमांडर म्हणतात. पंचेचाळिशीचा गडी, थोडी कपाशी, थोडी मोसंबी, आणि मान कायम वर. बोलताना समोरच्याच्या टोपीच्या वीतभर वर बघायची सवय. त्यामुळे उधारी मागायला आलेला माणूससुद्धा आधी मागे वळून आभाळात काही आहे का ते बघून घेतो.

२०१५ च्या दुष्काळात औरंगाबादहून विमान उडवून ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडायचा सरकारी प्रयोग झाला, तेव्हापासून कमांडर कामावर रुजू आहे. विमान पाऊस पाडत नाही, पळवतं, हा त्याचा सिद्धांत. असं म्हणणारे मराठवाड्यात इतरही होते. पण ते म्हणून मोकळे झाले, हा उपाय शोधत बसला. २०१९ ला विमान पुन्हा आलं तेव्हा त्याचं मत पक्कं झालं होतं. "खांद्यावरून सोडायचं कायतरी पायजे."

ते कायतरी त्याला टाळेबंदीत सापडलं. पुण्याहून आलेल्या पुतण्याच्या लॅपटॉपवर 'हेलो: रीच' नावाचा खेळ होता. सन २५५२, रीच नावाचा ग्रह, त्यावर परग्रहवासीयांची चढाई. कथा कमांडरला कळली नाही, आणि तिच्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. त्याची नजर एकाच गोष्टीवर खिळली: एम-४१, लाडाचं नाव स्पँकर. खांद्यावर ठेवायचं, दोन नळ्या, दोन रॉकेटं, मग पुन्हा भरायचं. उडत्या वाहनावर नेम धरून क्षणभर थांबलं की लॉक होतं, आणि रॉकेट वळणं घेत त्याच्यामागे जातं. जमिनीवरच्या गाडीला मात्र लॉक होत नाही. हे कळल्यावर तर कमांडर विरघळलाच. आभाळ सोडून कशाकडेही लक्ष न देणारं दुसरं कुणीतरी त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं.

"नळी केवढ्याची रे?" त्याने विचारलं.

पुतण्याने शोधून सांगितलं, "१०२ मिलिमीटर, काका."

"म्हंजी चार इंची," म्हणून कमांडर उठला आणि विहिरीकडे गेला. आला तेव्हा खांद्यावर पाइपलाइनचा हातभर जास्तीचा तुकडा होता. त्याला त्याने सुतळीने कासरा बांधला, मधोमध जुन्या फवारणी पंपाची मूठ बसवली, आणि गच्चीवर टाकीच्या आडोशाला ठाणं मांडलं. चार वर्षं लोक हसले. मीही हसलो, आणि अजून हसतो.

मग जून-जुलै २०२४ उजाडला. बीड-जालन्यात रात्री गावांवरून ड्रोन फिरू लागल्याच्या बातम्या आल्या. अंतरवाली सराटीत मराठा आंदोलक मनोज जरांगे यांच्या मुक्कामाच्या घरावरून ड्रोन फिरल्याचं सगळीकडे छापून आलं, विषय विधानसभेत गेला. चोर टेहळणी करतात म्हणे. गावंच्या गावं गच्चीवर झोपू लागली, म्हणजे जागू लागली. आणि लोकांना अचानक कमांडरची गच्ची आठवली.

तो पंधरवडा त्याचा होता. खाली चहा व्हायचा, वर प्रश्नोत्तरं. लुकलुकत सरळ जाणारं मुंबई-नागपूर विमान, जागचा न हलणारा तारा, हे त्याने बिनचूक ओळखून सांगितलं, आणि निदान आमच्या वाडीत तरी ताऱ्यांवर दगडफेक झाली नाही. याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

"पण मंग पाडायचं कसं, कमांडर?"

"अवघडंय," तो पाइप मांडीवर आडवा घेऊन म्हणाला. "अमेरिकेचं स्टिंगर आसतं ना खरंखुरं, ते उष्णता हुंगत जातंय. विमानाचं इंजन तापतंय. हे बॅटरीवर. हे तापतच न्हाई धड. लॉक कसं व्हावं?"

"वजन किती आसतंय त्या स्टिंगरचं?" कुणीतरी विचारलं.

"पंधरा किलो. आपल्याला काय, खांद्यावर आसं ठिवलं की झालं."

जिन्यातून चहाची किटली घेऊन येणाऱ्या वहिनी थबकल्या. "पंधरा किलोचं? आन् सकाळी दळणाचा डबा न्या म्हणलं तर खांदा धरला व्हता तुमचा."

कमांडरने आभाळाकडे बघितलं. तिथून कसलीच मदत आली नाही. म्हातारी आई जवळच पडली होती. ज्वारीच्या मचाणावर उभी हयात पाखरं हाकलण्यात गेलेली. ती कूस न बदलता म्हणाली, "गोफण घे बाबा. तिला बॅटरीचं काय आन् उष्णतेचं काय."

पुढे ड्रोन ओसरले, पाऊस लागला, पाइप विहिरीवर परत गेला. श्रावणात शेजारच्या सोयाबीनवर बचत गटाची एक बाई फवारणीचा ड्रोन घेऊन आली. दहा लिटरची टाकी, सहा पंखे, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा आवाज. कमांडर कपाशीतून धावतच बांधावर आला. आम्हाला वाटलं, आता लढाई. तो रोपांवर लोळणारी हवा बघत उभा राहिला. तुषार अंगावर आले तरी हलेना.

"काका, मागं सरका, औषध हाय!" बाई ओरडली.

तो दोन पावलं सरकला. ड्रोन उतरला तसा जवळ जाऊन त्याने मोटरला हळूच बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"तापतंय की!" तो आमच्याकडे वळून ओरडला. मग आवाज खाली आणून बाईला म्हणाला, "ताई, एकराचा भाव काय तुमचा? आमच्या कपाशीवरून एक चक्कर घ्या उद्या. पण दिवसा बरं का. रात्री आलात तर जिम्मेदारी माही न्हाई."