दीपाधिकारी

शहरातील प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत चिटणीस, थकबाकीदार आणि रखवालदार यांच्याइतकाच अटळ असा एक चौथा इसम असतो. तो म्हणजे सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालेला आणि रविवारी दिवेलागणीस आवाराच्या भिंतीवर खडूने रेघा ओढणारा, मोटारीच्या दिव्यांचा स्वयंनियुक्त अंमलदार. आमच्याकडे या गृहस्थांचे मूळ आडनाव केव्हाच मागे पडले असून लहानथोर सारे त्यांना दिवेकर म्हणतात.

प्रथम चारी चाकांतील हवेची रुजवात होते. मग चालकाच्या वजनाचा ऐवज म्हणून चालकाच्या आसनावर वहिनींची स्थापना होते, आणि त्या माउलीही मेथीची जुडी सोबत घेऊनच बसतात. (मला स्वतःला खडूच्या रेघांपेक्षा त्या मेथीविषयी अधिक आस्था आहे.) नंतर भिंतीपासून १० मीटरवर उभ्या केलेल्या गाडीच्या डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली उतरेपर्यंत, आणि आपल्याकडील डाव्या बाजूच्या रहदारीस अनुसरून ती कड डावीकडेच किंचित चढते आहे याची खातरजमा होईपर्यंत, दिव्यामागील स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरत राहतो.

हॅलोजन बल्बच्या काचेस उघडे बोट लावणे हा त्यांच्या दप्तरी फौजदारी गुन्हा होय, कारण बोटाचे तेल तापून बल्ब अकाली निकालात निघतो. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब बसवून वायरिंग वितळवणाऱ्या तरुणांना ते निदान उपदेश तरी करतात. परंतु पिवळ्या पडलेल्या दिव्यावर टूथपेस्ट घासणाऱ्या शेजाऱ्याशी त्यांनी बोलणेच टाकले आहे. उन्हाने वरचा संरक्षक थर खाल्ला असता, पाण्याच्या पॉलिश पेपरने टप्प्याटप्प्याने घासून त्यावर नवा थर चढवल्याखेरीज ती चकाकी टिकत नाही, हे त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. ते जिन्यात उभे राहून, वरच्या मजल्यास ऐकू जाईल अशा आवाजात मांडले जाते, इतकेच.

खरा बिकट प्रसंग प्रवासाचा. मागे माणसे आणि सामान लादले की गाडीचे नाक वर उठते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून डॅशबोर्डवरील शून्य ते तीन आकड्यांच्या चक्राने तो खाली आणावा लागतो. हे कर्तव्य मुकाट्याने बजावता आले असते. परंतु “आता आपण बसलात, तेव्हा दोनावर न्यावे लागेल,” असे मेहुणीस जाहीरपणे सांगितल्यापासून सासुरवाडीचा दळणवळणाचा मार्ग तहकूब आहे.

ताम्हिणी घाटात रात्री समोरचा उजेड दिसताच ते तत्परतेने डिपर देतात, आणि पाठीवर ‘रात्री डिपर वापरा’ अशी विनंती रंगवून घेतलेला ट्रक अप्पर तसाच ठेवून निघून जातो. तरीही पुढच्या वळणावर डिपर देण्यात त्यांची कुचराई होत नाही.

असे गृहस्थ आपल्याही आवारात असतील, तर वाचकहो, एखाद्या रविवारी गाडीची किल्ली निमूटपणे त्यांच्या स्वाधीन करावी. मोबदला ते घेणार नाहीत, व्याख्यान मात्र पुरते ऐकावे लागेल.